'ऊर्जा दक्षता' म्हणजे कुणाची दक्षता?

तासगावकडच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. १४ डिसेंबरच्या ऊर्जा संवर्धन दिनासाठी त्यांच्या शाळेत भित्तिपत्रक चाललंय. 'ऊर्जा दक्षता ब्युरो' या केंद्र सरकारच्या संस्थेवर चित्र काढायला सांगितलं, तर आठवीतल्या एका मुलीनं मीटर तपासणारा पोलीस काढला आणि खाली लिहिलं, 'वीजचोरांवर नजर'. बाई लिहितात, "मी तिला चूक म्हणाले, पण का चूक ते मला सांगता आलं नाही. 'दक्षता' हा शब्द इथं बरोबर आहे का?"

बाई, मुलीनं त्या नावाचा मराठीत जो अर्थ लागतो तोच काढला. संस्थेचं काम मात्र वेगळं आहे.

आपल्याकडे दक्षता म्हणजे डोळ्यांत तेल घालून राखण. 'योग्य ती दक्षता घ्यावी' ही परिपत्रकातली ठरलेली ओळ. रेशन दुकानावर लक्ष ठेवते ती दक्षता समिती. पोलीस ठाण्यात महिला दक्षता समिती. महाराष्ट्र पोलिसांच्या मासिकाचं नावच 'दक्षता', आणि आमच्या पिढीनं ते गुन्ह्यांच्या तपासकथांसाठी वाचलं. भ्रष्टाचारावर नजर ठेवणारा दिल्लीतला आयोग मराठीत 'केंद्रीय दक्षता आयोग' आहे, हिंदीत मात्र तोच 'केंद्रीय सतर्कता आयोग'. गुंत्याचं टोक सापडतं ते इथं. सावधपणासाठी हिंदीनं 'सतर्कता' घेतला, आणि 'दक्षता' कौशल्यासाठी, कामाच्या नेमकेपणासाठी ठेवला. दिल्लीत या संस्थेला हिंदी नाव मिळालं 'ऊर्जा दक्षता ब्यूरो', आणि ते न बदलता मराठी कागदांत उतरलं. अक्षरं तीच असल्यामुळे भाषांतर करायला हवं होतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

तसा हिंदीतला अर्थ मुळाला जास्त जवळचा. संस्कृतात दक्ष म्हणजे निपुण, चपळ, कामाला समर्थ. 'दक्षिण' याच कुळातला शब्द. दक्षिण हात म्हणजे उजवा, कामाचा हात; पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की त्या हाताला येते ती दक्षिण दिशा. निपुण माणूस कामात सावध असतो, त्या वाटेनं मराठीत हा शब्द सावधपणाकडे सरकला आणि तिथंच राहिला. त्याच्या पुढं 'ब्युरो' आला की संशय पक्का होतो, कारण वर्तमानपत्रात ब्युरो भेटतो तो बहुधा लाच पकडणारा नाहीतर तपास करणारा.

ही नुसती शब्दांची हौस नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी पलूसकडच्या एका गावात फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'ऊर्जा दक्षता शिबिर. सर्व पंपधारकांनी उपस्थित राहावे.' विहिरीवरची कुठली मोटार किती वीज जादा खाते ते मोजून सांगायचं, तेही फुकट, एवढंच शिबिर होतं. आले सात-आठ जण. संध्याकाळी टपरीवर एका शेतकऱ्यानं मला हळूच विचारलं, "तपासणीवाले गेले का हो?" त्याचं कनेक्शन रीतसर होतं, बिलही भरलेलं होतं. तरी तो दिवसभर मळ्यात थांबून राहिला होता. त्याच्या फायद्याची गोष्ट एका शब्दामुळे त्याच्यापर्यंत पोचली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता या संस्थेचं काम. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, आणि त्याखाली ही संस्था १ मार्च २००२ ला सुरू झाली. ती केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. ती वीज तयार करत नाही, विकत नाही. दर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, आणि आकडे पकडतं ते वीज कंपनीचं भरारी पथक. आपल्या भागात वीज म्हटलं की कोयनेचे १९६० मेगावॅट आठवतात, नाहीतर चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या. ही संस्था बघते ते तारेचं दुसरं टोक, म्हणजे वीज जिथं खर्च होते ती जागा. फ्रीजवर, एसीवर जे स्टारचं लेबल असतं ते तिचं. ही योजना २००६ पासूनची. २०१० पासून एसी, फ्रॉस्ट-फ्री फ्रीज अशा काही वस्तूंना ते सक्तीचं झालं. निकष अधूनमधून कडक होतात, म्हणून जुना पाच स्टारचा एसी आजच्या हिशेबात पाचाचा राहत नाही. नवा एसी चालू केला की आधी २४ अंशांवर लागतो, तो २०२० पासूनचा नियमही याच खटपटीतला. सिमेंट, पोलाद, खत अशा मोठ्या कारखान्यांना ऊर्जा कमी वापरण्याची उद्दिष्टं ठरवून देणं आणि ऊर्जा लेखापरीक्षकांची परीक्षा घेणं हेही तिच्याकडेच. राज्यात हा कायदा राबवायची जबाबदारी राज्य सरकारच्या 'महाऊर्जा' या संस्थेकडे आहे. कायद्यात दंड आहे, पण तो मानकं न पाळणाऱ्या उत्पादकांना आणि मोठ्या वीजग्राहकांना. घरच्या मीटरशी त्याचा संबंध नाही. मुलीला हे जरूर सांगा.

मग मराठीत काय म्हणावं? 'ऊर्जा बचत' सोपं आहे, पण अर्थ हुकतो. दिवा बंद केला ही बचत. तेवढाच उजेड कमी विजेत पाडला ती निराळी गोष्ट. 'संवर्धन' हा कायद्याच्या नावातला शब्द, हिंदीत तिथं 'संरक्षण' आहे. आपलं संरक्षण सैन्याकडे गेलेलं असल्यामुळे 'संवर्धन' घेतला असावा, पण पशुसंवर्धन, वृक्षसंवर्धन ऐकलेल्या कानाला त्यात वाढ ऐकू येते. नेमका शब्द आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत आधीपासून आहे : कार्यक्षमता. फक्त क्षमता आणि कार्यक्षमता यांची गल्लत होऊ देऊ नका. मोटार पाच एचपीची, ही क्षमता. दिलेल्या विजेतली किती पाणी उचलण्याच्या कामी आली, ती कार्यक्षमता.

लोक यासाठी काय बोलतात ते मी मिरजेत मोटारी भरणाऱ्या एका दुकानात ऐकलं. (आपल्याकडे जळालेली मोटार 'भरून' आणतात, रिवाइंडिंग हा शब्द फक्त दुकानाच्या पाटीवर.) तिसऱ्यांदा भरलेली पाच एचपीची मोटार बाकड्यावर फिरत होती. मिस्त्रीनं एका वायरीभोवती टाँग टेस्टरचा, म्हणजे वायरीतून किती वीज वाहते ते मोजणाऱ्या यंत्राचा, चिमटा लावला आणि आकडा मालकाला दाखवला. नुसत्याच फिरणाऱ्या मोटारीला लागावा त्यापेक्षा तो बराच जास्त होता. "पाणी तेवढंच मारंल, पण लाईट जास्त ओढतीया. हिचं ॲव्हरेज गेलंय."

ॲव्हरेज! मोटारसायकल लिटरला किती किलोमीटर जाते, त्याला आपण ॲव्हरेज म्हणतो. मिस्त्रीनं तो शब्द सहज विजेच्या मोटारीला लावला आणि मालकाला लगेच कळलं. ऊर्जा कार्यक्षमतेची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही. शासकीय कागदावर हा शब्द चालणार नाही, हे कबूल. पण शिबिराच्या फळ्यावर 'तुमच्या मोटारीचं ॲव्हरेज तपासून घ्या' लिहिलं असतं, तर तो शेतकरी मळ्यात बसून राहिला नसता.

तेव्हा बाई, संस्थेचं नाव लिहाल तिथं 'ऊर्जा दक्षता ब्युरो' तसंच ठेवा. ते अधिकृत नाव आहे, आपण बदलायचं नाही. खालच्या ओळींत मात्र प्रत्येक ठिकाणी 'ऊर्जा कार्यक्षमता' लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथं 'म्हणजे कमी विजेत तेवढंच काम' एवढं जोडा. मुलीचं चित्र फेकू नका. पोलिसाची टोपी खोडून त्याच्या हातात टाँग टेस्टर द्या आणि मीटरच्या जागी विहिरीवरची मोटार काढा.