बोगदा झाला, मग गाडी का नाही? शहरी रेल्वेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मेट्रो ३ चा बोगदा २०२२ संपता संपता खणून झाल्याचं वाचलं होतं. कफ परेडपर्यंत गाडी मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. मधली वर्षं कशात गेली? (गोरेगाव)

उत्तर : मुख्यतः स्थानकांत. मेट्रो ३ ही कफ परेड ते आरे मार्गिका ३३.५ किलोमीटरची, आणि तिच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. बोगद्याला १७ टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारी यंत्रं, लावली होती. टीबीएमचं काम एका लयीत चालतं : खडक कापायचा, काँक्रीटच्या तयार तुकड्यांची रिंग बसवायची, रिंगमागची फट ग्राउटने, म्हणजे पातळ सिमेंटच्या मिश्रणाने, भरायची, मग त्याच रिंगला जॅक टेकवून पुढे सरकायचं. वर रस्त्यावर वाहतूक चालूच असते.

स्थानकासाठी मात्र रस्ताच उघडावा लागतो. आठ डब्यांच्या गाडीला फलाट सुमारे १८० मीटरचा. पंख्यांच्या आणि विजेच्या खोल्या धरल्या की खड्डा दोनशे मीटरच्या पुढे जातो. आधी हाताने चाचणी-खड्डे घेऊन जलवाहिन्या, मलनिःसारण, विजेच्या केबल, गॅस हे सगळं शोधायचं. जुन्या मुंबईत नकाशावरची वाहिनी आणि जमिनीतली वाहिनी एका जागी सापडेलच असं नाही. मोठी जलवाहिनी सरळ उचलून बाजूला ठेवता येत नाही. शेजारी नवी टाकायची, दाबाने तपासायची आणि पाणी बंद ठेवण्याच्या मोजक्या तासांत जोडायची. त्यानंतर खड्ड्याभोवती एकमेकांत घुसलेल्या पाइल्सची (जमिनीत ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांची) भिंत. वरती पुलासारखं तात्पुरतं डेकिंग टाकून अर्धा रस्ता वाहनांना परत द्यायचा आणि खाली उतरत जायचं. खडकात नियंत्रित सुरुंग चालतो, पण जुन्या इमारतींजवळ तो मोजूनमापून, नाहीतर नुसता खडक फोडणारा ब्रेकर. निघालेला राडारोडा न्यायला अवजड वाहनांना रात्रीचेच काही तास मिळतात, त्यामुळे खाली कितीही वेगाने खणलं तरी डंपर जातील तेवढंच काम पुढे सरकतं.

काळबादेवी आणि गिरगावात तर खड्डा मावेल एवढी रस्त्याची रुंदीच नाही. तिथे बाजूच्या जागेत विहिरीसारखा शाफ्ट उतरवून फलाटांची पोकळी आडवी खणली. थोडं कापायचं, लगेच शॉटक्रीट (फवाऱ्याने मारायचं काँक्रीट) मारायचं, खडक धरून ठेवणारे पोलादी रॉक बोल्ट ठोकायचे, भिंती आत किती सरकल्या ते मोजायचं आणि मगच पुढचा घास. शाफ्टच्या जागेवरच्या इमारती रिकाम्या करणं, रहिवाशांची सोय लावणं हे त्याच्याही आधीचं.

पोकळी तयार झाल्यावर रूळ, छताला बसवलेला गाडीला वीज देणारा २५ हजार व्होल्टचा ताठ कंडक्टर, फलाटावरचे सरकते दरवाजे, धूर बाहेर काढणारे पंखे, सिग्नल. हे सगळं आधी सुटं सुटं आणि मग एकत्र तपासलं जातं, आणि शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी होते. म्हणूनच मार्गिका तुकड्यांनी उघडली : ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी, मे २०२५ मध्ये वरळीतल्या आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि उरलेली ऑक्टोबर २०२५ मध्ये. बोगदा आरपार झाल्याची बातमी वाचली की मार्गिकेचा अंदाज बांधू नका. स्थानकांची किती प्रवेशद्वारं पूर्ण झाली ते विचारा. त्यावरून खरी तारीख कळते.

प्रश्न : मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. भुयारी मेट्रो मुंबईला झेपणारी नाही, असा याचा अर्थ घ्यायचा का? (दादर)

उत्तर : नाही. २६ मे रोजी पाणी आलं ते बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वारातून. तिथली पाणी अडवणारी भिंत कोसळली. पूर्ण झालेल्या प्रवेशद्वाराला आधी काही पायऱ्या वर चढून मग खाली उतरावं लागतं, आणि तोंडाशी पूररोधक फळ्या किंवा दार लावायची सोय असते. अर्धवट प्रवेशद्वारात यातलं काहीच नसतं, सगळी भिस्त तात्पुरत्या भिंतीवर. त्या वर्षी पाऊसही नेहमीच्या दोन आठवडे आधी आला. यातून घ्यायचा धडा नेमका आहे. एखादं दार अपुरं ठेवून स्थानक उघडायचं असेल, तर त्या दाराची तात्पुरती भिंत कायमच्या भिंतीच्याच हिशेबाने बांधली पाहिजे, आणि मे महिना उजाडण्याआधी.

प्रश्न : नागपाड्यात आमची जुनी चाळ आहे. या भागातून मेट्रो ११ भुयारी जाणार असं ऐकतो. इमारतीला तडे जातील का? आम्ही आत्ता काय करावं? (नागपाडा)

उत्तर : आधी हिशेब पाहू. ६.६ मीटर व्यासाचा बोगदा खणला तर दर मीटरला सुमारे ३४ घनमीटर माती-खडक निघतो. त्यात एक टक्का जास्त निघाला, म्हणजे दर मीटरला ०.३४ घनमीटर पोकळी. वीस मीटर खोलीवर, मऊ जमिनीत, ती पृष्ठभागावर साधारण १४ मिलिमीटरच्या खचण्याइतकी दिसते. मुंबईच्या खडकात हा आकडा पुष्कळ कमी राहतो. खरी भीती वेगळी असते. स्थानकाच्या खड्ड्यात झिरपणारं पाणी सतत उपसलं, तर वरच्या भरावातल्या पाण्याची पातळी उतरते, भराव दबतो, आणि उथळ पायाची चाळ एका बाजूला जास्त खचते. सगळी इमारत सारखी बसली तर फार बिघडत नाही. एक कोपरा बसला की तडा जातो.

तेव्हा काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी करा. इमारतीचं पूर्व-सर्वेक्षण झालं की त्याची प्रत सोसायटीच्या नावे लेखी मागून घ्या. स्वतःची नोंदही ठेवा : प्रत्येक तड्याचा फोटो शेजारी पट्टी धरून काढायचा, तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख घालायची, आणि मोठ्या तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवायची. भिंत हलली तर काच तडकते. मोजणी रोज ठरलेल्या वेळीच करा, कारण उन्हाने भिंत फुगते आणि आकडा फसवा येतो. तिसरं, इमारतीवर खचण्याचे आणि कलण्याचे मापक बसले की इशाऱ्याचे टप्पे कोणत्या आकड्यांवर आहेत आणि तो आकडा गाठल्यावर खोदकाम कोण थांबवतं, हे विचारून घ्या. या उत्तराशिवाय मापकांचा उपयोग नाही.

गिलाव्यावरच्या केसासारख्या, जाळीसारख्या रेघांनी घाबरू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघणारा, रुंदावत जाणारा तडा, किंवा कालपर्यंत नीट लागणारं दार अचानक अडकणं, याची तक्रार त्याच दिवशी करायची.

प्रश्न : मेट्रो आपल्या लोकलच्या रुळांवरच का चालवत नाहीत? (डोंबिवली)

उत्तर : लोकलचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,६७६ मिलिमीटर, मुंबईतल्या मेट्रोचा १,४३५. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद आहे. तो घालायचा तर बोगदा मोठा आणि वळणं मोठ्या त्रिज्येची हवीत. शिवाय आज लोकलच्या रुळांवर गर्दीच्या वेळी जागाच उरलेली नाही.

प्रश्न : सगळ्या लोकल १५ डब्यांच्या करायला काय हरकत आहे? तीन डबे जोडायचे एवढंच ना? (कल्याण)

उत्तर : बारा डब्यांची गाडी साधारण २६० मीटर, तीन डबे म्हणजे आणखी ६५. धीम्या मार्गावर ही लांबी प्रत्येक स्थानकाला वाढवावी लागते. फलाटाच्या टोकाला पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवायची जागा) असतो, सिग्नलचा खांब असतो, उड्डाणपुलाचा खांब असतो, नाहीतर नाला. पॉइंट सरकवला की त्याचं इंटरलॉकिंग, म्हणजे पॉइंट आणि सिग्नल यांची एकमेकांशी बांधणी, नव्याने करावं लागतं. सीएसएमटीसारख्या शेवटच्या स्थानकात एका बाजूला इमारत आणि दुसऱ्या बाजूला सगळे रूळ पसरण्याची जागा. फलाट वाढायला वाव फारच थोडा. कारशेडमध्ये तपासणीच्या खड्ड्यांच्या आणि रात्री गाड्या उभ्या करायच्या मार्गिकाही तेवढ्याच लांब लागतात. आणि लांब गाडी ताशी ३० किलोमीटरने पॉइंट ओलांडते तेव्हा ती रोजच्यापेक्षा आठ सेकंद जास्त घेते. गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी गाडी असताना ते आठ सेकंद प्रत्येक ठिकाणी जाणवतात.

यातलं सगळं काम चालू गाड्यांमध्येच करायचं. ठाण्याचा फलाट क्रमांक ५ नुसता रुंद करायला ३० मे २०२४ च्या रात्रीपासून ६३ तासांचा मेगाब्लॉक घ्यावा लागला, आणि शेकडो लोकल रद्द झाल्या. तरीही १५ डबे करायलाच हवेत, असं आमचं ठाम मत आहे. नवा मार्ग न टाकता प्रत्येक फेरीत पंचवीस टक्के जागा वाढवणारा दुसरा उपाय नाही. पण डब्यांच्या ऑर्डरआधी फलाट, पॉइंट आणि कारशेड यांचं वेळापत्रक मागा.