सिबिल दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याला 18 हजार द्यायचे का?

तुमचा मेल आणि सोबतचा रिपोर्ट दोन्ही नीट बघितलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, की तुम्ही सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरीला, नाशिकमध्ये वन बीएचके बघून ठेवलाय, बँकेने सिबिल स्कोअर (कर्ज किती नियमित फेडलं त्यावरून क्रेडिट कंपनी देते तो आकडा) 618 आहे म्हणून होम लोन नाकारलं, आणि आता एक क्रेडिट रिपेअर कंपनी म्हणतेय 18 हजार भरा, 45 दिवसांत स्कोअर 750 च्या वर नेतो, निम्मे पैसे आधी. 2 हजार टोकन तुम्ही देऊन बसलाय आणि बाकीचे द्यायचे का असं विचारताय. देऊ नका. बायकोच्या भिशीचे पैसे काढून तर अजिबातच देऊ नका.

आता का ते सांगते. तुमच्या रिपोर्टमध्ये स्कोअर पाडणाऱ्या नोंदी दोन आहेत, आणि त्या दोघींची जात वेगळी आहे. एक चुकीची आहे आणि एक खरी आहे. कंपनीने तुम्हाला हा फरक सांगितलाच नाही.

चुकीची म्हणजे टू-व्हीलर लोनची. हप्ते 2021 मध्ये संपले, फायनान्स कंपनीची एनओसी, म्हणजे लोन फिटल्याचं पत्र, तुमच्याकडे आहे, आरसीवरचा बोजासुद्धा उतरलाय, तरी रिपोर्टमध्ये अजून 2,340 रुपये ओव्हरड्यू, म्हणजे थकलेले, दिसतायत. बहुतेक हप्ता बाउन्स झाल्याचा जुना चार्ज असणार, असल्या छोट्या रकमा सिस्टीममध्ये तशाच पडून राहतात आणि माणसाला लोन नाकारलं जाईपर्यंत पत्ताच नसतो. ही नोंद काढायला एक रुपया लागत नाही. 2005 चा क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचा कायदा आहे, त्याच्या कलम 21 ने चूक दुरुस्त करून मागायचा हक्क थेट तुम्हाला दिलाय, आणि त्यासाठी 30 दिवसांची मुदत आहे. सिबिलच्या साइटवर स्वतःचं लॉगिन करा, त्या अकाउंटवर डिस्प्युट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाका, आणि त्याच दिवशी फायनान्स कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा, सोबत एनओसी, फॉर्म 35 (आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म) ची कॉपी आणि बोजा उतरलेली आरसी जोडा. मेलमध्ये लांबण लावू नका, लोन नंबर, एनओसीची तारीख, रिपोर्टमध्ये काय चुकीचं दिसतंय आणि काय दिसायला पाहिजे, एवढंच.

त्याच कलमात अजून एक गोष्ट आहे ती लक्षात ठेवा, की ज्या बँकेने किंवा फायनान्स कंपनीने माहिती दिली तिने खात्री करून दिल्याशिवाय सिबिलला नोंद बदलता येत नाही. म्हणजे रिपेअर कंपनीचा तो व्हॉट्सॲपवरचा माणूस जे म्हणतोय ना, "आमची सिबिलमध्ये आतून सेटिंग आहे", तसली सेटिंग कायद्यात बसतच नाही. तो फार तर तुमच्या नावाने तोच डिस्प्युट टाकणार जो तुम्ही घरी बसून फुकटात टाकू शकता. आणि "आरबीआय अप्रूव्ड" लिहिलंय त्याच्यावर जाऊ नका, रिझर्व्ह बँकेची नोंदणी आहे ती सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांना, रिपेअरवाल्यांना असलं लायसन्स नसतं. अमेरिकेत 1996 पासून कायदाच आहे की काम पूर्ण व्हायच्या आधी अशा कंपनीने पैसे घ्यायचे नाहीत, आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही, म्हणून ॲडव्हान्स देताना आपणच हात आखडता घ्यायला पाहिजे.

30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. समजा 75 दिवस लावले तर 45 दिवसांचे 4,500 रुपये तुम्हाला सिबिलने किंवा फायनान्स कंपनीने, ज्यांच्यामुळे उशीर झाला त्यांनी, द्यायचे. मात्र तक्रारीचा नंबर आणि तारीख जपून ठेवा, त्याशिवाय काही मागता येत नाही. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करायची, त्यालाही फी नाही, वकीलही लागत नाही, आणि हे मी स्वतः वकील असून सांगतेय.

आता दुसरी नोंद, क्रेडिट कार्डाची. लॉकडाऊनमध्ये पगार थांबला, 58 हजार थकले, 2020 मध्ये 32 हजारांवर सेटलमेंट केली, म्हणजे पूर्ण रक्कम न भरता तडजोड. तेव्हा तुमच्याकडे दुसरा मार्ग नव्हता, त्याची लाज बाळगायचं कारण नाही. पण रिपोर्टमध्ये "सेटल्ड" लिहिलंय ते खरं आहे आणि खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही, 18 हजार द्या नाहीतर 80 हजार द्या. कायद्याने त्या उरलेल्या 26 हजारांचं देणं आता तुमच्यावर नाही, कारण बँकेचं "फुल अँड फायनल" पत्र आहे. तरी होम लोन पाहिजेच असेल तर बँकेला लेखी विचारा, उरलेली मूळ रक्कम भरली तर स्टेटस "क्लोज्ड" करून नो ड्यूज द्याल का. आधी त्यांचं पत्र हातात घ्या आणि मगच पैसे भरा, फोनवरच्या "हो सर करून देऊ" वर एक पैसा सोडू नका. व्याज लावून 40-50 हजार सांगतील, तेव्हा मूळ रकमेवरच अडून बसा. रिपेअरवाल्याला द्यायला काढलेले 18 हजार इथे लागले तर निदान तुमच्या रिपोर्टमध्ये त्याचं काहीतरी दिसेल. स्कोअर किती वाढेल ते मी सांगत नाही, आणि जो आकडा छातीठोक सांगतो त्याच्यापासून लांब राहा.

तुम्ही पाठवलेल्या ॲग्रीमेंटमध्ये पान 3 वर एक ओळ आहे, बारीक अक्षरात, की क्लायंट कंपनीला आपल्या वतीने लॉगिन करायला आणि ओटीपी वापरायला परवानगी देतो. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. गेल्या वर्षी माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, त्यांनी असाच पॅन, आधार आणि ओटीपी दिला होता, आणि तीन महिन्यांनी त्यांच्या रिपोर्टमध्ये त्यांनी कधीच न घेतलेली दोन ॲप लोन निघाली. म्हणून आज रात्रीच सिबिलच्या लॉगिनचा पासवर्ड बदला, मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच आहे ना बघा, आणि बँकेच्या ॲपमध्ये रिपेअर कंपनीच्या नावाने कुठला ऑटो-डेबिट मँडेट (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) चालू असेल तर बंद करा. न घेतलेलं लोन दिसलं तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

टोकनच्या 2 हजारांसाठी एक साधा ईमेल करा, की काम सुरू झालेलं नाही, मी ॲग्रीमेंट रद्द करतोय, माझी कागदपत्रं वापरायची परवानगी मागे घेतोय, 15 दिवसांत पैसे परत करा. नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. ते "लीगल नोटीस पाठवू" म्हणतील, पाठवू दे, आली की मला दाखवा.

बिल्डरकडून बुकिंगला दोन महिने वाढवून मागा, पण लेखी. एनओसी बघताना तिच्यावरचा लोन नंबर आणि रिपोर्टमधला नंबर एकच आहे का तेवढं पडताळून घ्या, तुमच्या स्कॅनमध्ये शेवटचे दोन आकडे मला नीट दिसले नाहीत.