फायबर ३०० एमबीपीएसचं, पण कारखान्यातल्या पीसीवर ९५च्या वर जात नाही. कुठलं लॅन कार्ड घेऊ? (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

कार्ड घेण्याआधी विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. तिथे १००/१०० (एमबीपीएस) दिसत असेल तर दोष पीसीच्या पोर्टचा, केबलचा किंवा मधल्या जुन्या स्विचचा (एका लाइनवरून अनेक पीसींना नेट वाटणारा डबा). गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला, केबलच्या आठही तारा लागतात. एक जरी सुटली तरी जोडणी १००वर उतरते किंवा लागतच नाही. म्हणून आधी दुसरी केबल लावून बघा, बऱ्याचदा तिथेच काम होतं.

पोर्टच १००चा असेल तर रिअलटेक ८१११ चिपचं पीसीआय एक्सप्रेस एक्स१ (मदरबोर्डवरच्या छोट्या स्लॉटात बसणारं) गिगाबिट कार्ड पुरेसं आहे. कॅबिनेट बारीक असेल तर कार्डाची लो-प्रोफाइल (आखूड) पट्टी मागून घ्या, नाहीतर कार्ड बसणारच नाही. लॅपटॉपला यूएसबी ३.० गिगाबिट अडॅप्टर घ्या, तो २.० पोर्टात लावलात तर पूर्ण गिगाबिट वेग मिळणार नाही.

केबल शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्या, एका पट्ट्यात १०० मीटरच्या आत. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती लांब अंतरावर दगा देते. लूमच्या शेडमधून ऑफिसात केबल उघड्यावरून नेणार असाल तर मात्र फायबरच टाका, वीज पडली तर तांब्याच्या तारेतून पोर्ट जळतात. स्विच बिनपंख्याचा घ्या. कापसाचा तूस पंख्यात अडकतो आणि आपल्या उन्हाळ्यात स्विच तापून बंद पडतो.