छाया, काळपट आणि दुप्पट : एका श्रेयनामावलीचं मराठी

प्रश्न असा आला आहे : फिल्म सोसायटीत बिली वाइल्डरचा १९४४चा 'डबल इन्डेम्निटी' दाखवायचा आहे आणि त्यासाठी एक पानी मराठी पत्रक काढायचं आहे. त्यात 'कास्ट अँड क्रू'ला काय म्हणावं, सिनेमॅटोग्राफर हा छायाचित्रकार की छायालेखक, आणि 'फिल्म न्वार'ला (शब्दशः 'काळा चित्रपट' : गुन्हा, मोह आणि अंधाऱ्या दृश्यांचा चित्रपटप्रकार) 'कृष्णपट' चालेल का?

शेवटचं आधी घेतो. 'कृष्णपट' नको. शब्दाला 'पट' जोडून चित्रपटाचा प्रकार सांगायची आपली सोय झकास आहे : मूकपट, बोलपट, रहस्यपट, भयपट, तमाशापट. पण 'कृष्णपट' म्हटलं की मराठी वाचक बासरी आणि लोणी शोधणार. प्रभातचा १९३८चा 'गोपाळकृष्ण', तो खरा कृष्णपट! मला मोह होतो तो 'काळपट'चा. शब्द घरचाच आहे आणि अर्थही बसतो : पुरता काळा नव्हे, काळ्याकडे झुकलेला. या चित्रपटातला वॉल्टर नेफ तसाच आहे. विम्याच्या पॉलिसी विकत फिरणारा, गोडबोल्या, नोकरीत बरा चाललेला माणूस एका बाईच्या आणि पैशाच्या नादी लागून तिच्या नवऱ्याचा खून करतो. पण 'काळपट' पत्रकावर छापलात तर लोकांना वाटेल प्रोजेक्टर बिघडलाय. तेव्हा 'न्वार'च ठेवा. 'नॉयर' लिहू नका. मूळ फ्रेंच उच्चार 'न्वार'च्या जवळचा आहे, आणि 'स्वार' म्हणणाऱ्या जिभेला 'न्वार' जड जाऊ नये.

गंमत म्हणजे हा चित्रपट करणाऱ्यांपैकी कोणालाही आपण 'न्वार' करतोय याची कल्पना नव्हती. जर्मन ताब्याच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम आले, आणि १९४६ साली नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यातल्या काहींबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. 'डबल इन्डेम्निटी' त्यांतलाच एक. म्हणून हा शब्द पत्रकाच्या प्रास्ताविकात शोभेल, श्रेयनामावलीत नव्हे.

नावाचंही एका वाक्यात उरकतो. आपल्याकडचे एजंट 'डबल अ‍ॅक्सिडेंट' म्हणतात तीच ही भानगड : पॉलिसीत लिहिलेल्या विशिष्ट प्रकारच्या अपघातात मृत्यू आला तर रक्कम दुप्पट. रेल्वेतला मृत्यू त्यात बसतो, म्हणून या कथेत नवरा गाडीतून पडून मेला असं भासवावं लागतं. 'दुहेरी नुकसानभरपाई' हे भाषांतर कोर्टाच्या कागदासारखं वाटतं. नाव मूळचंच ठेवा आणि खाली कंसात 'दुप्पट विमा' म्हणा.

आता 'कास्ट'. हा शब्द देवनागरीत लिहिला की मराठी डोळ्याला आधी जातीचा दाखला दिसतो. आपल्याकडे रंगभूमीवरून आलेला 'नटसंच' आहे, तो का सोडायचा? नाटकाच्या जाहिरातीत 'मूळ संचात' किंवा 'नव्या संचात' असं आपण वर्षानुवर्षं वाचतो. संच म्हटलं की माणसं एकमेकांना लागून आली. इथला संच पाहा : नेफच्या भूमिकेत फ्रेड मॅकमरी, तोवर हलक्याफुलक्या चित्रपटांतला सोज्वळ नायक. फिलिस डिट्रिक्सन म्हणजे बार्बरा स्टॅनविक. आणि विमा कंपनीत खोटे दावे हुंगून काढणारा बार्टन कीज म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सन. स्वतः नायकाच्या भूमिका केलेल्या या माणसाने इथे तिसऱ्या क्रमांकावरचं नाव पत्करलं, आणि बघणाऱ्याच्या मनात शेवटी तोच घर करतो.

'क्रू'चं काम अवघड आहे. 'चमू' वर्तमानपत्री वाटतो, 'ताफा' म्हटलं की मंत्र्यांच्या गाड्या दिसतात. रूढ जोडी आहे 'कलाकार आणि तंत्रज्ञ'. ती समजते म्हणून वापरा, पण माझं तिच्याशी भांडण आहे. पडद्यावर दिसतो तो कलाकार आणि बाकीचे पान्हे घेऊन फिरणारे, असा तिचा सूर आहे. हा चित्रपट तर तो सूर दर पाच मिनिटांनी खोटा पाडतो. मी सरळ 'पडद्यावर' आणि 'पडद्यामागे' असे दोन मथळे देईन.

पडद्यामागे पहिलं नाव घ्यावं ते जॉन एफ. साइट्झचं. फिलिसच्या घरात नेफ पहिल्यांदा येतो तेव्हा बाहेर लॉस एंजेलिसचं रखरखीत ऊन आहे आणि आत कोंदट अंधार. खिडकीच्या पट्ट्यांतून उन्हाच्या तिरप्या रेघा आत आल्यात आणि त्यात धूळ तरंगतेय. ही धूळ अशी आपोआप कॅमेऱ्यात येत नाही. साइट्झने चित्रीकरणाच्या आधी हवेत अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी उडवली, ती उजेडात चमकली, आणि घर कित्येक दिवसांत कोणी झाडलेलं नाही असं वाटू लागलं.

या माणसाला 'कॅमेरामन' म्हणू नका. हॉलिवुडच्या पद्धतीत कॅमेरा चालवणारा वेगळा असतो. उजेड कुठे पडावा आणि कुठे पडू नये हे ठरवणं साइट्झचं काम. 'छायाचित्रकार' म्हटलं तर तो वर्तमानपत्रात 'छाया : अमुक' असं ज्याचं नाव येतं त्या माणसात मिसळतो. चित्रपटाच्या सेटवरही फोटो काढणारा निराळा असतोच. म्हणून 'छायालेखन : जॉन एफ. साइट्झ'.

आणि हा 'छाया' शब्द न्वारसाठीच घडवल्यासारखा आहे. 'फोटोग्राफी'च्या मुळाशी ग्रीकमधला प्रकाश आहे, आपण मात्र त्याच कलेला सावलीचं नाव दिलं. 'प्रकाशचित्र' असाही शब्द मराठीत वापरला गेला, पण रुळला 'छायाचित्र'च. त्यातही 'सावली' आणि 'छाया' एक नाहीत. सावली जमिनीवर पडते, तिच्यात बसता येतं, गुरं बांधता येतात. छाया चेहऱ्यावर पडते, घरावर पडते. दुःखाची छाया म्हणतो आपण, दुःखाची सावली क्वचितच. भिंतीवर आणि नेफच्या कोटावर पडलेल्या पट्ट्या या सावल्या आहेत. त्या पट्ट्यांमुळे तो आधीच गजांआड उभा आहे असं जे वाटतं, ती छाया. साइट्झ या दोन्हींचा लेखक होता.

बाकीची श्रेयं सोपी आहेत. 'वेशभूषा : ईडिथ हेड', 'संकलन : डोन हॅरिसन' (पुस्तकाचं संपादन, चित्रपटाचं संकलन, हा भेद आपण छान पाळलाय). मिक्लोश रोझा यांच्यापुढे नुसतं 'संगीत' लिहिलंत तर प्रेक्षक गाण्यांची वाट पाहील, 'पार्श्वसंगीत' लिहा. अडेल तो 'केशभूषा'. भूषा म्हणजे शोभा, आणि स्टॅनविकचा तो सोनेरी टोप मुद्दाम बटबटीत आहे. बाई मुळातच खोटी, तर केस तरी खरे कशाला? हा चित्रपट काढणाऱ्या पॅरामाउंट स्टुडिओच्या एका बड्या अधिकाऱ्याने तो पाहून म्हटलं होतं, पैसे स्टॅनविकचे मोजले आणि हाती आला जॉर्ज वॉशिंग्टन!

एका जागी मात्र मराठी सवय घात करेल. आपल्याकडे 'पटकथा' आणि 'संवाद' अशी दोन श्रेयं वेगळी असतात, आणि इथे 'पटकथा : वाइल्डर, संवाद : रेमंड चँडलर' असं लिहायचा मोह होईल. (चँडलर म्हणजे रहस्यकादंबऱ्यांचा लेखक, इथे वाइल्डरचा सहलेखक.) मोहाला कारणही आहे. मूळ कादंबरिका जेम्स एम. केनची, तिच्यातलं बोलणं वाचायला चटकदार असलं तरी नटाच्या तोंडी बसत नाही, हे चँडलरनेच लावून धरलं, आणि नवं बोलणं घडवण्यात त्याचा मोठा हात होता. दोघांचं आपसात मुळीच जमत नव्हतं. वाइल्डर कसा वागतो याच्या तक्रारींची यादीच चँडलरने स्टुडिओकडे दिली होती. तरी पडद्यावर श्रेय दोघांचं मिळून, पटकथेचं, एकच आहे. ऑस्करची सात नामांकनं मिळाली (हाती एकही लागलं नाही), त्यातलं पटकथेचंही दोघांच्या नावे होतं. त्यांना एका ओळीत बसवा. आयुष्यात बसले नाहीत तरी.

राहिला चँडलरचाच एक प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही. नेफ कीजच्या खोलीतून बाहेर पडतो तेव्हा दाराजवळच्या खुर्चीत एक माणूस वाचत बसलेला असतो, मान वर करून क्षणभर बघतो. तो चँडलर. 'पाहुणे कलाकार' या सदरात त्याला घालू नका, मूळ श्रेयनामावलीत त्याचं हे काम नोंदलेलं नाही. सुरुवातीला बोलायला उभे राहाल तेव्हा फक्त सांगा, खुर्चीकडे लक्ष ठेवा.