पश्चात्ताप होतो, प्रायश्चित्त घेतात

पुण्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: "आमच्या ऑफिसातली सहकारी परवाच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन कामावर आली. 'आज राखेचा बुधवार, आजपासून आमचा प्रायश्चित्तकाळ,' म्हणाली. पण मराठी बायबलात मी 'पश्चात्ताप करा' असं वाचलं होतं. हे दोन शब्द एकच का? राखेला भस्म का म्हणत नाहीत? आणि त्या दिवशी तिला शुभेच्छा द्यायच्या असतात का?"

आधी शुद्धलेखन उरकून घेऊ. पश्चात् अधिक ताप, म्हणून त दोन. एका त वर भागवणारे पुण्यातही कमी नाहीत आणि त्यांना तो होतानाही दिसत नाही.

शब्द एकच नाहीत, आणि त्यासाठी कोश उघडायची गरज नाही. क्रियापदं बघा. पश्चात्ताप होतो. 'मला पश्चात्ताप झाला' या वाक्यात मी काहीच करत नाही. ताप चढावा तसा तो मला चढतो, तोही मागाहून. प्रायश्चित्त मात्र देतात, घेतात, भोगतात. ते सांगणारा कुणी अधिकारी लागतो, घेणारा लागतो, आणि घेतलं हे चार लोकांना कळावंही लागतं. गुपचूप घेतलेल्या प्रायश्चित्ताचा जातीत परत येण्यासाठी काय उपयोग? पश्चात्तापाला साक्षीदार लागत नाही. किंबहुना साक्षीदार जमले की शंका यायला लागते.

गंमत अशी की शब्दाच्या पोटात पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. 'प्रायो नाम तपः प्रोक्तं चित्तं निश्चय उच्यते' अशी त्याची जुनी फोड आहे. प्राय म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय. मनाचा निर्धार शब्दातच बसलेला आहे. पण वापरता वापरता क्षौर, पंचगव्य आणि दक्षिणा एवढंच वर राहिलं.

या शब्दाचा इतिहास पुणेकराला पेठांमधून फिरतानाच भेटतो. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. याला प्रायश्चित्त काय, असं राघोबादादांनी विचारल्यावर रामशास्त्री प्रभुण्यांनी 'देहान्त प्रायश्चित्त' सांगितलं, ही गोष्ट आपण शाळेत असताना ऐकलेली असते. इथे शब्दाचा अर्थ सरळ शिक्षा असा झाला आहे. दुसरी गोष्ट १८९० ची, पंचहौद मिशनमधल्या चहाची. गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने शहरातली बडी मंडळी तिथे जमली, चहा-बिस्किटं पुढे आली, मग नावं वर्तमानपत्रात छापून आली, ख्रिस्त्यांच्या घरचा चहा म्हणजे धर्म बुडाला अशी ओरड झाली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. न्यायमूर्ती रानड्यांनी ते पुढे १८९२ मध्ये घेतलं. चहा पिणं पाप आहे असं त्यांना वाटत होतं म्हणून नव्हे, तर मित्रमंडळींची अडचण सुटावी म्हणून. म्हणजे प्रायश्चित्त झालं, पश्चात्ताप नव्हताच. दोन शब्दांमधली फट इतकी स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही, आणि ते घडलं ख्रिस्ती मिशनच्याच आवारातल्या चहावरून!

आता बायबलकडे. 'पश्चात्ताप करा' हे आपल्या कानाला थोडं खटकतंच, कारण जे आपोआप होतं त्याची आज्ञा कशी द्यायची? 'तहान लागवून घ्या' म्हणण्यासारखं ते आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचं नाम 'मेतानोइया'. त्यात 'नूस' म्हणजे मन किंवा बुद्धी, आणि 'मेता' बदल सुचवतो. म्हणजे मन पालटणं. तापाचा तिथे संबंध नाही. जुन्या करारातल्या हिब्रू संदेष्ट्यांचा शब्द आणखी साधा आहे: 'शूव', मागे फिर. वाट चुकलेल्याला आपण सांगतो तेच. मला विचाराल तर 'मन पालटा' किंवा नुसतं 'मागे फिरा' हे मराठीत जास्त सहज बसतं. पण 'पश्चात्ताप करा' आता पिढ्यान्पिढ्या तोंडात बसलं आहे, आणि बसलेला शब्द उठवणं हे भाडेकरू उठवण्याइतकंच अवघड.

हा घोळ आपल्यापुरताच आहे असं मात्र समजू नका. लॅटिन बायबलमध्ये याच जागी 'पेनितेंतिआम आगिते' असं आहे. त्याचा अर्थ 'पश्चात्ताप करा' असाही लागतो आणि 'प्रायश्चित्त करा' असाही. एकाच शब्दात दोन्ही कोंबल्यावर भांडण होणारच. १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने जी ९५ विधानं मांडली, त्यांतलं पहिलंच या दोन शब्दांवर आहे: ख्रिस्ताने असं म्हटलं तेव्हा श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असा त्याचा अर्थ होता. दुसऱ्या विधानात तो म्हणतो, की हे वचन धर्मगुरूपुढे पाप कबूल करून प्रायश्चित्त घेण्याच्या विधीबद्दल नाही. इथवर सगळे सांगतात. तिसरं विधान सहसा कुणी सांगत नाही. ते असं, की नुसता आतला पश्चात्तापही पुरेसा नाही. बाहेर देहाला काही झीज लागली नाही तर आतलाही पोकळच. म्हणजे 'मनात भाव असला की झालं' असं म्हणून हात झटकणाऱ्यांना ल्यूथरचा आधार घेता येत नाही.

मराठी ख्रिस्ती वापरात या दोन शब्दांची वाटणी कशी झाली आहे? प्रॉटेस्टंट वळणाच्या बोलण्यात माणसाच्या वाट्याला पश्चात्ताप येतो, आणि प्रायश्चित्त येशूच्या. मराठी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात पापांबद्दलचं प्रायश्चित्त म्हणजे स्वतः ख्रिस्त, असंच म्हटलं आहे. त्यामुळे 'मी प्रायश्चित्त घेतो' हे तिथे चमत्कारिक वाटू शकतं. कॅथलिक पद्धतीत दोन्ही शब्दांना जागा आहे: आधी मनात पश्चात्ताप, मग धर्मगुरूपुढे पापांची कबुली, मग त्यांनी सांगितलेलं प्रायश्चित्त. पहिली पायरी गाळली तर पुढच्या दोन फुकट. तेव्हा तुमच्या सहकारीचा 'प्रायश्चित्तकाळ' तिच्या परंपरेत अगदी बरोबर आहे. ईस्टरपूर्वीचे रविवार सोडून ४० दिवस असा तो काळ मोजतात.

राखेबद्दल. भस्म, विभूती, अंगारा हे शब्द पवित्र आहेत. ते लावल्याने काहीतरी मिळतं, निदान पीडा टळते. राख लावल्याने काहीच मिळत नाही. राखरांगोळी होते, आयुष्याची राख होते. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, मिरवलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात, आणि कपाळावर लावताना धर्मगुरू म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. किंवा त्याऐवजी, पश्चात्ताप कर आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेव. तिथे भस्म शब्द घातला असता तर मातीचं सोनं झालं असतं, आणि सांगायचं नेमकं उलटं आहे. राख हाच शब्द योग्य.

खरी कोंडी पुढे आहे. त्याच दिवशीच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मत्तयाचा सहावा अध्याय वाचतात: उपास कराल तेव्हा ढोंग्यांसारखं तोंड उतरवून फिरू नका, तोंड धुवा. योएल संदेष्ट्याचं 'वस्त्रं नव्हे, हृदयं फाडा' हेही त्याच दिवशी. हे ऐकायचं आणि कपाळावर राख घेऊन रस्त्यावर यायचं! इथल्या 'ढोंगी'चा ग्रीक शब्द मुळात नाटकातल्या नटाचा आहे. म्हणून खरं तर ढोंगापेक्षा सोंग जवळचं. ढोंग फसवायला करतात, सोंग बघणाऱ्यासाठी वठवतात, आणि येशूचा आक्षेप बघणाऱ्यांवर डोळा ठेवण्यालाच होता.

खुणेकडे बारकाईने पाहणारी एक बाई आठवते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर अंगावर घालायच्या क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांवरून तिथल्या मठातल्या सिस्टरशी पत्रातून वाद घातला. अक्षरं हवीतच तर लॅटिन का, माझ्या देशाच्या संस्कृतात का नकोत, असं त्यांचं म्हणणं. क्रूसाला विरोध नव्हता. न कळणारी खूण अंगावर वागवायला होता. पुढे केडगावला बसून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, ते याच स्वभावाने.

राहता राहिल्या शुभेच्छा. त्या ईस्टरला द्या. त्या बुधवारी सहकारीला काही म्हणायचं नसतं, आणि 'अगं, कपाळाला काहीतरी लागलंय, पुसून टाक' हे तर नाहीच. ते तिने सकाळपासून चौघांकडून ऐकलेलं असतं.