कॉर्ड्स पाठ केले, पण गाण्यात वापरता येत नाहीत. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की पेटी थोडीफार येते, आता कीबोर्ड घेतलाय, कॉर्डचा (म्हणजे एकदम वाजवायच्या स्वरांच्या गटांचा) तक्ता पाठ करताय, पण गाणं सुरू झालं की हात गोंधळतो. तक्ता काही दिवस बाजूला ठेवा. मीही पेटीवरूनच इकडे आलो आणि त्या तक्त्यापायी दोन-तीन महिने वाया घालवले.

पांढरी एकला (दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी, इंग्रजीत सी) सा धरा. सा, ग, प एकदम दाबले की झाला सी मेजर कॉर्ड. आता मधल्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजा: सा पासून चौथी पट्टी ग, तिथून तिसरी प. कुठल्याही पट्टीपासून चार आणि तीन मोजलं की मेजर मिळतो. पांढरी दोनपासून मोजून बघा, काळी तीन आणि पांढरी सहा येईल. तो डी मेजर. आधी तीन, मग चार मोजलं तर मायनर, म्हणजे ग कोमल.

सुरुवातीला तीनच कॉर्ड घ्या: सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. सातही शुद्ध स्वर या तिघांत येऊन जातात. म्हणून चालीत जोर ज्या स्वरावर पडतो, तो ज्या कॉर्डमध्ये असेल तो लावायचा. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) रे आला तर प-नी-रे, ध आला तर म-ध-सा. सा आणि प दोन-दोन कॉर्डमध्ये आहेत, तिथे कानाला विचारा. मी आधी चालीतल्या प्रत्येक स्वराला कॉर्ड बदलायचो, गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरायची नाही! एका आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) एखाद-दुसरा बदल पुरे.

तुमचा हात गोंधळतो तो बहुतेक उड्या मारल्यामुळे. उजवा अंगठा सा वर, मधलं बोट ग वर, करंगळी प वर ठेवा. म चा कॉर्ड हवा तर अंगठा हलवायचाच नाही. ग वरचं बोट म वर आणि करंगळी ध वर सरकवा. परत सा-ग-प वर या. आता करंगळी प वरच राहू द्या, अंगठा खालच्या नी वर न्या आणि तर्जनीने रे दाबा. हा झाला प चा कॉर्ड, फक्त स्वरांचा क्रम बदललाय. यालाच इन्व्हर्शन म्हणतात. डाव्या हाताने खालच्या सप्तकातला कॉर्डचा मूळ स्वर एकटाच धरा, चाल तोंडाने गुणगुणा.

म च्या कॉर्डवरून थेट प च्या कॉर्डवर जाताना मात्र तिन्ही बोटं खाली सरकतात, आणि अडखळायला होतं ते तिथेच. तेवढाच बदल सावकाश, पायाने ठेका धरून, वेगळा घोटा.

आणि हो, यमन रागातल्या चालीवर हा प्रयोग करू नका. तिथे म तीव्र असतो, आपल्या म-ध-सा मधला शुद्ध म लगेच खटकेल.