नातीच्या मेंदूतल्या नव्या पेशी

प्रश्न: नात जन्मली तेव्हा रडलीच नाही. सांगलीत ७२ तास गार गादीवर ठेवलं. आता चार महिन्यांची झाली, पण उजवी मूठ उघडत नाही. मेंदूत नव्या पेशी येतात म्हणे, त्या मोजता येतील का?
– एक आजी, तासगाव

उत्तर: आजी, ही मोजणी उंदरांच्या पिल्लांत होते. ऑक्सिजन कमी पडलेल्या पिल्लाला ब्रोमोडीऑक्सियुरिडीन नावाचं खुणेचं रसायन टोचतात. विभागणाऱ्या पेशी ते डीएनएत घेतात. मग मेंदूचे पातळ काप रंगवून ठिपके, म्हणजे त्या नव्या पेशी, मोजायचे. शिकताना मी पाहिलेत, तपकिरी, तिळाहून कितीतरी बारीक. त्यातल्या बऱ्याच पेशी पुढे तगत नाहीत. बाळाच्या मेंदूचे काप कसे करणार? मूठ मात्र रोज दिसते, आणि एकच मूठ मिटलेली राहणं मला खटकतंय. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, थांबू नका.